यादीत दादाचं नाव

घर माझं नाही हे कळलं त्या दिवशी बायकोला जाऊन एकवीस दिवस झाले होते. मी दाराची कुजलेली चौकट बदलायची परवानगी मागायला कचेरीत गेलो होतो. आमची गल्ली जुनी म्हणून जपायचा कायदा झालाय. मालकाच्या सहीशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही.

कारकून बाई म्हणाल्या, "मालकांना पाठवा."

"मीच की."

त्यांनी जपायच्या घरांची यादी माझ्याकडे फिरवली. घर नंबर अकरा, मालक म्हणून माझा थोरला भाऊ. खाली माहिती देणाऱ्याची सही. सही बायकोची होती. मी खुर्ची ओढून बसलो.

या यादीसाठी पाहणीवाले घरी आले तेव्हा मी कारखान्यात होतो. काय झालं असणार ते मला कचेरीतच कळलं. दादाने वाटणीत हे घर मला कधीच लिहून दिलंय. पण घर कुणाचं असं कुणी विचारलं, की मी आणि बायको दोघंही म्हणायचो, दादाचं. थोरला असताना आपलं नाव पुढे करणं बरं दिसत नाही. तिने पाहणीवाल्यालाही तेच सांगितलं.

वाटणीचा कागद मी पुढे केला. बाईंनी शांतपणे समजावलं, की या कायद्यापुरता मालक म्हणजे यादीत नाव असेल तो. दुसरा कागद इथे चालत नाही. मग त्यांनी फाइल उलटली. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढायचा दादाचा अर्ज आधीच आला होता. तारीख बायकोच्या मातीनंतर चौथ्या दिवसाची. मातीला तो माझा खांदा धरून उभा होता.

घरी येऊन फोन लावला. दादा म्हणाला, "अरे, तुझ्या बायकोनेच लिहून दिलंय. ती काय वेडी होती?"

"तिला काही बोलू नकोस," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

यादी लागल्यापासून हरकत घ्यायला तीस दिवस असतात, त्यातले नऊ उरलेत. माहिती देणारी हयात नसेल तर तिच्या वारसाने लिहून द्यायचं, की तिने खोटी माहिती दिली. तसं लिहिलं तर घर राहील, नाहीतर दादाचं होईल. हरकतीच्या अर्जावर माझं नाव, पत्ता, घर नंबर सगळं भरून झालंय. ती एक ओळ अजून लिहिलेली नाही.