पाच मुद्द्यांचा उपदेश

चर्चच्या दारातला फळा वाचला आणि इस्त्रीवाल्या मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टपोऱ्या अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं, 'आजचा उपदेश: देव दुःख का येऊ देतो?'

"झालं!" त्या पुटपुटल्या. "एवढंच राहिलं होतं!"

बरं, एकट्या असत्या तर हसून सोडूनही दिलं असतं. पण हातात चाकांची खुर्ची होती आणि खुर्चीत नवरा. विजेच्या खांबावरून पडून त्याची पाठ मोडली, कमरेखालचं अंग गेलं, तरी लोक त्याला अजून वायरमनच म्हणत. पडल्यापासून त्याने चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. देवावर राग होता का? होताच. पण त्याहून जास्त राग होता देवाच्या वकिलांवर.

ही वकील मंडळी इस्पितळापासूनच मागे लागली होती. एक म्हणाला, देव परीक्षा घेतोय. दुसरा म्हणाला, जे देवाचे लाडके त्यांनाच सोसावं लागतं. एका बाईंनी तर पलंगाशी बसून, केळं सोलता सोलता, "आठवून बघा हं, एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का," असं विचारलं आणि ते केळं स्वतःच खाल्लं. सख्खी नणंद म्हणाली, "दादा, यामागे काहीतरी योजना असणार." वायरमन म्हणाला, "मग ती मला न विचारता माझ्याच पाठीवर का?" त्यावर नणंद रडायला लागली आणि तिची समजूत घालण्यात मावशींची अख्खी दुपार गेली. दुखणं एकाचं, समजूत दुसऱ्याची! शेवटी वायरमनने जाहीर केलं, कारण सांगायला येईल त्याला दारातूनच परत पाठवायचं.

पण मावशींना एकटीने उपासनेला जाण्याचा वीट आला होता. शेजारची जागा रिकामी ठेवून गाणी म्हणायची, ती तरी किती दिवस? त्याचा आवाज जाडाभरडा, सुराशी कधी ओळख नाही, पण कान त्यालाच सरावलेले. त्यांनी किती मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे परवा तो म्हणाला, "येतो. पण एक सांगून ठेवतो. तिथे कोणी मला कारण सांगितलं, तर ती शेवटची वेळ. पुन्हा नाव काढायचं नाही." आणि गडी शब्दाचा पक्का. मेहुण्याकडे जेवणार नाही असं एकदा रागात म्हणाला होता, तो अजून जेवलेला नाही.

मावशी फळ्याच्या आड उभ्या राहिल्या.

"काय लिहिलंय गं?"

"फुलं कोणी दिली त्यांची नावं," मावशींनी चर्चच्या दारातच थाप ठोकून दिली.

तेवढ्यात नणंद आनंदाने फुलून आली आणि मावशींच्या कानाशी लागली. "वहिनी, पाहिलंत? मीच पाळकांना म्हटलं, हाच विषय घ्या. खास दादासाठी! अगदी पुढची जागाही धरून ठेवलीय."

मावशींनी डोळे मिटले. कोणी वाईट केलं तर भांडता तरी येतं. चांगलं केलं तर माणसाने काय करायचं?

"याला आत ने," त्या म्हणाल्या. "आणि कृपा करून तोंड उघडू नकोस."

मागच्या खोलीत पाळक झग्याची बटणं लावत होता. वयाने कोवळा, नुकताच शिकून आलेला.

"पाळकसाहेब, उपदेश बदला."

"आता? मावशी, घंटा व्हायची वेळ झाली. आणि फार मेहनत घेतलीय हो मी. पाच मुद्दे आहेत."

"पाच!" मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, एकेका मुद्द्याने तो माणसांतून उठला, तुम्ही एकदम पाच घालणार?"

"पण लोकांना उत्तर हवं असतं."

"लोकांना हवं असतं. ज्याचं मोडलंय त्याला नको असतं. त्याला स्वतःची लघवी झालेली कळत नाही. त्याला तुम्ही समजावणार की झालं ते बरोबरच झालं?"

"बरोबर झालं असं मी कुठे म्हणतोय?"

"कारण सांगितलं की तसंच ऐकू येतं." मावशींना आता थांबवेना. "आपल्या प्रभूला क्रुसावर टांगलं तेव्हा त्याने मुद्दे काढले होते? तोही 'का' म्हणूनच ओरडला ना?"

"ओरडला."

"मिळालं उत्तर?"

पाळकाचा हात बटणावरच थांबला. "तेव्हा नाही," तो हळूच म्हणाला.

"मग!"

"पण मावशी, मग मी बोलू काय? माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये."

हे इतकं खरं होतं की मावशींना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच चीड आली. बाहेर घंटा झाली.

पहिलं गाणं झालं. वायरमनने ओठसुद्धा हलवले नाहीत. पाळक व्यासपीठावर चढला, कागद नीट केले, मावशींकडे बघायचं टाळलं आणि म्हणाला, "देव दुःख का येऊ देतो, याची काही कारणं आहेत."

वायरमनने बायकोकडे पाहिलं. "फुलांची नावं, नाही का?"

संपलं सगळं.

"पहिलं कारण..."

आणि वायरमनचा पाय उडाला. कधीकधी त्याचे पाय आपोआप झटके देत. त्याला पायांत काही कळत नसे, पण सगळं अंग गदगदा हले आणि चारचौघांत ते व्हावं याचीच त्याला सगळ्यात धास्ती होती. खुर्चीच्या पत्र्यावर पाय धाडधाड आपटू लागला. मावशींनी तो दाबून धरला, तर दुसरा सुरू झाला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "प्रभू, यातही तुझी इच्छा..."

"इच्छा राहू द्या!" मावशी भर चर्चमध्ये ओरडल्या. "कोणीतरी पाय धरा आधी!"

सगळे थिजले. नणंदेने तोंडावर हात ठेवला. मग व्यासपीठावरून धडधडत पावलं उतरली आणि पाळक झग्यासकट फरशीवर बसला.

"कुठे धरू?"

"गुडघ्यावर. टाच खाली दाबा. आणखी जोर लावा."

त्याने जोर लावला. कपाळावर घाम आला, झगा धुळीत लोळला. वायरमन डोळे घट्ट मिटून होता. बऱ्याच वेळाने पाय शांत झाले. पाळक हात काढायला गेला.

"थांबा," वायरमन म्हणाला. "सोडलं की परत सुरू होतं."

पाळक तसाच बसून राहिला. व्यासपीठ रिकामंच.

"किती कारणं आणली होती?" वायरमनने विचारलं.

"पाच."

"खरी आहेत?"

पाळकाने मान वर केली. "वर उभा होतो तेव्हा वाटत होती," तो म्हणाला. "आता माहीत नाही."

वायरमन त्या घामेजल्या पोराकडे बघत राहिला.

"पुढच्या रविवारी सांगा," तो म्हणाला.

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुढच्या रविवारी!

"पण इथे खाली बसून," वायरमन म्हणाला. "माझा पाय धरून सांगता येईल तेवढीच."