नकाशात डावं ते चालताना उजवं

मी एक जुना पत्र्याचा नकाशा आहे. एका प्राचीन नगराच्या अवशेषांपाशी, फाटकातून आत आलं की डेरेदार झाडाखाली मी उभा असतो. माझ्या अंगावर कोठार आहे, स्नानकुंड आहे, सभागृह आहे. शिवाय काही शहाण्यांनी खिळ्याने कोरलेली स्वतःची नावंही आहेत. ती मी मागितली नव्हती.

मित्रांनो, माझा जन्म पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. हात मोठा सुबक होता त्याचा. बायको पट्टी धरायची आणि तो रेघ ओढायचा. "फाटक कुठे काढू गं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "माणूस आधी फाटकातच येणार ना? मग फाटक वर, बाकीचं खाली. वाचतोही आपण वरून खालीच." कारण बिनतोड होतं. त्याने फाटक वर काढलं, नगर खाली काढलं. काम देखणं झालं, आणि साफ उलटं झालं. माझ्यासमोर उभा राहणारा माणूस नगराकडे तोंड करून असतो, त्यामुळे माझ्यावर डावीकडे दिसणारं स्नानकुंड खरं तर त्याच्या उजव्या हाताला असतं. डावीकडे गेलं की लागतं धान्याचं कोठार.

फाटकाशी एक लाल ठिपका होता आणि शेजारी लिहिलं होतं, "तुम्ही इथे आहात". येणारा प्रत्येक जण त्यावर बोट ठेवायचा. आपण आहोत ही खात्री करून घ्यायला माणसांना इतकं का आवडतं, कोण जाणे. पण नवेपणी माझं कौतुक फार झालं. माझ्या शेजारी उभं राहून लोक फोटो काढायचे.

गाईड घ्यायचा की आपलं आपण फिरायचं, हा वाद माझ्याचसमोर होतो. त्यामुळे माणसांचा जमाखर्च मला तोंडपाठ आहे. "मी सगळं वाचून आलोय" म्हणणारा सगळ्यात आधी वाट विचारायला परत येतो. गाईड घेणाऱ्यांतही एक असा असतोच, जो गाईडलाच शिकवतो. आणि नवं लग्न झालेल्यांना ना गाईड लागतो, ना नकाशा.

इथली गाईड म्हणजे छत्रीवाल्या मावशी. ऊन असो नसो, मिटलेली छत्री उंच धरून त्या पुढे चालायच्या. आवाज असा खणखणीत, की मागे रेंगाळणाराही दचकून पुढे यायचा. माझी चूक त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. आपलं आपण फिरणारे माझ्यावर विसंबून डावीकडे जायचे, कोठारात उभे राहून "अहाहा, काय कुंड आहे! राणी इथेच आंघोळ करायची!" म्हणायचे, आणि पाणी कुठून यायचं याचा मेळ लागेना की घामाघूम होऊन परत यायचे. मग मावशी छत्री उचलायच्या. मी लोकांना चुकवायचो, त्या शोधून आणायच्या. आमचं दुकान भागीदारीतच चालायचं म्हणा ना!

वर्षं गेली. बोटांनी घासून माझा लाल ठिपका पार उडाला. माझ्या पायाशी तण वाढलं. आणि मावशींचा घसा बसला. कुजबुजीपलीकडे आवाज निघेना. अवशेषांची देखभाल पाहणारे साहेब कचेरीतून बाहेर आले. ते वाईट नव्हते, पण घाईत होते. म्हणाले, "मावशी, वाट चुकल्याच्या तक्रारी फार येतात. हा पत्रा भंगारात देतोय. आणि तुम्हीही आता घरी आराम करा."

"घरी बसून मी कुणाला सांगू हे सगळं? भांड्यांना?" मावशी पुटपुटल्या. साहेबांना ऐकूच गेलं नाही.

त्याच सकाळी एक कुटुंब आलं. मुलगी, जावई आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखरे होते, हातात काठी होती.

"आई, एकच काहीतरी बघू या हं," मुलगी म्हणाली. "दोन्हीकडे चालणं व्हायचं नाही तुला."

"मला बाई ते स्नानकुंडच बघायचंय. किती वर्षं मनात आहे. ते पाहिलं की बसेन मी गप्प."

"अहो, गाईड घेऊ या ना," मुलगी नवऱ्याला म्हणाली.

"कशाला? हा काय नकाशा! कुंड डावीकडे, स्पष्ट काढलंय. आणि त्या बाईंना तर आवाजच नाही. मुका गाईड घेऊन काय करू?"

"जावईबापूंना विचारून तर पृथ्वी फिरते," सासूबाई म्हणाल्या, पण निघाल्या. काठी टेकत, डावीकडे.

मावशींनी हाक मारली. घशातून नुसती हवा आली. पुन्हा मारली. तेच. सासूबाईंची एकच फेरी होती, आणि ती कोठाराकडे चालली होती. मला सगळं दिसत होतं, पण पत्र्याला तोंड कुठे?

मग मावशींनी छत्री उलटी धरली आणि तिच्या मुठीने माझ्यावर असा दणका हाणला, की झाडावरची पाखरं उडाली. ठणण्! इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा बोललो. तिघंही थबकून मागे वळली.

मावशी धापा टाकत त्यांच्यापाशी गेल्या आणि आपल्या पोटापाण्याचं गुपित त्यांनी फुकटात देऊन टाकलं. "नकाशात डावं," त्या कुजबुजल्या, "ते चालताना उजवं."

"म्हणजे नकाशा उलटा?" जावई म्हणाले.

"नकाशा आपल्या जागी बरोबर आहे. तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात, ते बघा."

सासूबाई इतक्या हसल्या, की काठी हातातून सुटली.

त्यांनी कुंड पाहिलं. परतताना माझ्यापाशी बसून मावशींना तासभर प्रश्न विचारले. कुजबूज ऐकायला बाकीचे लोकही जवळ सरकले. ओरडून सांगायच्या तेव्हा एवढी शांतता कधी नसायची. दणका ऐकून बाहेर आलेले साहेब हे सारं बघत होते. म्हणाले, "मावशी, उद्यापासून इथेच बसा. आधी तुम्ही सांगायचं, मग लोकांनी आपलं आपण फिरायचं."

"आणि हा?" मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

"राहू दे. उलटा नसता, तर तुम्हाला कुणी विचारलं असतं?"

मावशींना खुर्ची मिळाली. माझ्या पायाशी वाढलेलं तण निघालं. मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका, मला टोचतं. जुनी वस्तू भंगारात देण्याआधी तिच्या आधाराने कोण उभं आहे, तेही बघा. गाईड घ्या किंवा आपले आपण फिरा, माझी हरकत नाही. छत्रीचा दणका बसला, तिथे मला एक खळगा पडला आहे. नेमका उडालेल्या लाल ठिपक्याच्याच जागी. निघण्याआधी त्यावर बोट ठेवा. तुम्ही इथे आहात.