उसनी झोप

यार्डात त्याला सगळे ‘वरचे’ म्हणत. सात मजले उंचीवर, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून तो कंटेनर उचलायचा आणि एकावर एक रचायचा. हात इतका हलका, की आत काचसामान असलं तरी किणकिण ऐकू यायची नाही. खालची माणसं मान वर करून त्याच्याशी बोलायची, आणि खरं सांगायचं तर त्याला ते भारी आवडायचं.

अशा सुखात असलेल्या माणसाच्या मागे कंपनीने झोपेचं लचांड लावून दिलं. ‘निवांत कर्मचारी’ नावाची योजना निघाली. प्रत्येकाच्या मनगटावर एक काळा पट्टा आला. तो रात्रभर झोप मोजायचा आणि सकाळी शंभरपैकी गुण द्यायचा. उंचीवर काम करणाऱ्यांना निदान साठ हवेत. सलग दोन आठवडे कमी पडले किंवा एका रात्रीत जरी पंधराच्या खाली गेले, तर महिनाभर खाली गोदामात बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

पहिल्या आठवड्यात त्याची सरासरी आली बेचाळीस. शाळेत गणितातही इतकेच पडायचे, पण तेव्हा कुणी क्रेनवरून उतरवत नव्हतं. त्याची झोप मुळातच अर्धवट. गुणांच्या धास्तीने होती तीही उडाली. कंपनीने झोपेवर भाषण ठेवलं, कोमट पाण्यात पाय बुडवायला सांगितलं, श्वास मोजायला शिकवलं. तो श्वास मोजत पडायचा आणि न चुकता दीड हजारापर्यंत पोचायचा.

शेजारी बायको मात्र ढाराढूर. भिंतीकडे तोंड, ना हालचाल ना चुळबुळ. तेरा वर्षं तो हे पाहत होता आणि मनातून थोडा जळतही होता. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्याच रात्री त्याचं डोकं चाललं. घरात एवढी झोप पडून असताना आपण का तळमळायचं? त्याने पट्टा काढला आणि अलगद तिच्या मनगटावर चढवला. कंटेनर टेकवायचा तोच हलका हात. पहाटे तितक्याच अलगद काढून घेतला आणि स्वतःवर खूश झाला.

सकाळी गुण आले एकोणीस.

पट्टा बिघडला असेल म्हणून त्याने सोडून दिलं. दुसऱ्या रात्री सतरा आले, तिसऱ्या रात्री अकरा. चौथ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, उद्या वर चढण्याआधी मला भेटा. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

घरी आल्यावर त्याने चपलाही काढल्या नाहीत. बायको वाटाणे सोलत बसली होती.

“तू झोपत का नाहीस?” त्याने दारातूनच विचारलं. “तेरा वर्षं मेल्यासारखी पडतेस, आणि माझ्या गळ्याशी आलं तेव्हा नेमकी जागी?”

“अहो, तुम्ही पट्टा बांधलात तेव्हा मी टक्क जागी होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? म्हटलं, यांचं काम होतंय तर झोपून दाखवू. पण तुमची क्रेन माझ्या झोपेवर अडलीय म्हटल्यावर डोळ्याला डोळा लागतोय होय? घट्ट मिटून पाढे म्हटले. एकोणतीसचा पाठ झाला बघा माझा.”

“पण एरवी तर रोज झोपतेस!”

“रोज पडते. हलले तर तुमची असेल नसेल ती झोप मोडेल, म्हणून.”

तो मटकन खाली बसला. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. आणि हे गृहस्थ सोंगाच्याच भरवशावर परीक्षेला बसले होते! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

“पण तुला झोप का येत नाही?” त्याने विचारलं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच विचारतोय हे लक्षात आलं आणि त्याला लाज वाटली.

“ते राहू द्या. उद्या बाईंना खरं काय ते सांगून या.”

त्याने सांगितलं. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग चष्मा चढवून म्हणाल्या, “तुमचे बेचाळीस, त्यांचे अकरा. अहो, दोघांची बेरीज करूनसुद्धा तुम्ही नापास! महिनाभर खाली.”

दिवसभर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या. एक तर उलटी चिकटवली, आणि गोदामातल्या पोरसवदा कारकुनाने खुर्चीत बसल्या बसल्याच त्याला ती दाखवून दिली. संध्याकाळी घरी येऊन तो बायकोशेजारच्या खुर्चीत कोसळला.

“उतरवलं मला.”

“म्हणजे महिनाभर वर चढायचं नाही?”

“नाही.”

“वारा सुटला, केबिन हलली, तरी तुम्ही वर नसणार?”

“अगं, चढायचंच नाही तर वाऱ्याचा काय संबंध? खाली, खुर्चीत.”

“मग पडलात तरी खुर्चीतूनच,” ती म्हणाली आणि तिने मागे भिंतीला डोकं टेकलं.

“तुला काय जातंय बोलायला!” तो उसळला. “इतक्या वर्षांत एक खोकं वाकडं ठेवलं नाही मी. आणि आज एक माणूस मान वर करून बोलला नाही माझ्याशी. ऐकतेस ना?”

रागाने वळून त्याने पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, एक हात खुर्चीखाली लोंबत होता, आणि बघता बघता तिने असा काही सूर लावला, की त्याला वाटलं खालच्या मजल्यावर ऐकू जाईल. तो जागचा हलला नाही.

तेरा वर्षांच्या संसारात बायको घोरते हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.