मुआजचे चार पॉइंट

प्लायवूडवर खेळातल्या रेल्वेच्या रुळांचे त्रेसष्ट तुकडे होते. एकेचाळीस इंग्लिश कंपनीचे, अठरा जर्मन, चार अमेरिकन. इंग्लिश तुकडे नझीर चाचांनी कुवेतला नोकरीत असताना सतरा वर्षांत, दर सुट्टीला थोडे थोडे करून आणले. जर्मन तुकडे सफूरा चाचीच्या भावाने आणले. अमेरिकन चार म्हणजे पॉइंट, खेळातल्या गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे. ते माझ्या भावाने, मुआजने, शारजाहून सुट्टीवर येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या बॅगेतून पाठवले होते.

या चार तुकड्यांवरून चाचांनी जुम्म्याच्या जेवणाला, अकरा माणसांसमोर, मुआजला बेईमान म्हटलं. "ओरिजिनल सांगितलं, डुप्लिकेट टेकवलं. इंजिन दर वेळी तिथेच पडतं." कुणीतरी ते शारजापर्यंत पोचवलं. तीन आठवडे मुआजने घरी फोन केला नाही. अम्मी रोज संध्याकाळी माझ्या मोबाइलकडे बघायची.

मी बीएस्सी झाल्यापासून तळोज्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. दोन हजार बाराच्या जानेवारीतल्या एका रविवारी मी मिलिमीटरचे दशांश मोजणारा लॅबचा व्हर्निअर पिशवीत टाकला आणि चाचांच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटवर गेले. चाचांना त्यांच्याच घरात खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं.

"आली बघा, सोनाराची सून," व्हर्निअर पाहून चाचा म्हणाले. "काय तोलणार, आफरीन?"

"तुमचा इल्जाम."

आधी मी इंजिन दहा फेऱ्या चालवलं. नऊ वेळा पडलं, नऊही वेळा एखाद्या पॉइंटच्या टोकाशी. चाचांनी हात झटकले. "आता बोल."

मी मोजायला बसले. दोन रुळांमधलं अंतर तिन्ही कंपन्यांचं साडेसोळा मिलिमीटर. मग रुळाची उंची. इंग्लिश अडीच, जर्मन अडीच, मुआजच्या पॉइंटची दोन पूर्णांक एक दशांश. चारही पॉइंट तीन-तीन ठिकाणी मोजले. बारा वेळा तेच.

"डुप्लिकेट माल इतका सारखा येत नाही, चाचा. हा ओरिजिनल आहे, फक्त कमी उंचीचा. तुमच्या रुळाच्या शेजारी तो चार दशांश मिलिमीटर खाली बसतो. चाकाला ती पायरी लागते."

"साडेसोळा म्हणजे साडेसोळा. गेज सेम, तर माल सेम."

"दुकानदाराने मुआजला उंची विचारली होती. मुआजने दुकानातूनच तुम्हाला फोन लावला. काय सांगितलंत?"

उत्तर स्वयंपाकघरातून चाचीने दिलं. "म्हणाले, 'उंची कसली विचारतोस, मुलगी बघायला गेलायस का? साडेसोळा सांग आणि घे.' मी इथेच भाजी निवडत होते."

"तू गप बस गं."

"सतरा वर्षं गपच होते. तुम्ही कुवेतला होतात ना."

मला हसू आलं नाही. बारा तासांची ड्युटी संपवून, दोन बस बदलून मुआज त्या दुकानात गेला होता. दोनदा.

"चूक तुम्ही केलीत आणि नाव त्याचं खराब केलंत," मी ओरडलेच. "आधी त्याची माफी मागा."

"आवाज खाली. आकडे मला शिकवू नकोस, गाडी चालवून दाखव. पन्नास फेऱ्यांत एकदाही पडली नाही, तर मीच त्याला फोन करीन."

पॉइंटखाली घालायला चार दशांश मिलिमीटरचं काहीतरी हवं होतं. घरातला पुठ्ठा, कार्ड, प्लास्टिक, सगळं मोजलं, एकही बसेना. चाचीने कपाटातून आपला जुना एक्स-रे काढून दिला. फिल्म बरोबर दोन दशांश भरली. दोन थर पुरे.

"जाऊ द्या आता माझ्या गुडघ्यावरून गाडी," चाची म्हणाली.

दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जोडपट्ट्या चाचांनी पक्कडीने दाबून वाकड्या केल्या होत्या. चोवीसच्या चोवीस काढल्या. नव्या पट्टीचं अर्धं टोक चपटं करायचं, पॉइंटचा रूळ त्यावर ठेवायचा आणि सोल्डरचा डाग द्यायचा, असं चोवीस वेळा. चाचा तार धरून बसले. काम चार तास चाललं. एकदा माझं बोट भाजलं, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी बोट ओढणीला पुसलं.

मग इंजिन सोडलं. सतराव्या फेरीला तिसऱ्या पॉइंटवर ते डगमगलं. चाचा पुढे वाकले. पडलं नाही. पन्नास फेऱ्या झाल्या, घसरण शून्य.

मी मुआजचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल चाचांसमोर धरला. कॉल चार मिनिटं वीस सेकंद चालला. त्यात चाचांच्या तोंडी 'उंची' हा शब्द सात वेळा आला, 'माफ कर' एकदाही नाही.