बाबूंच्या खुर्चीतली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण झोपायची नव्हे, हे आधी नीट ऐका! मंगरूळपीरच्या नथ्थू गादीवाल्याने घट्ट फोम भरून, हिरवे रेक्झिन शिवून मला घडवले, ते वाशीमच्या एका दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या टेबलासाठी.

पूर्ण भूल दिली की माणसाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग डॉक्टर तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. त्यासाठी डोके थोडे उंच आणि हनुवटी वर हवी, तरच आतली वाट दिसते. ती उंची देणे हे माझे काम. भूल देणाऱ्या पौर्णिमा डॉक्टर मला थोपटून म्हणायच्या, "हे हाय तं मले काळजी नाही."

आणि माझे काय केले? ऑफिसातल्या रामराव बाबूंची कंबर दुखली आणि मी त्यांच्या खुर्चीत गेले! लोकांची डोकी उचलणारी मी, बुडाखाली! सगळ्यांनी पाहिले, कोणी बोलले नाही. बाबूंच्या खुर्चीला हात कोण लावणार?

परवा आसेगावच्या लिलाबाई पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला आल्या. अंगाने भारी, मान आखूड. मी जागेवर नव्हते, म्हणून डोक्याखाली चादरीची घडी दिली.

"नळीनं दुखन का वं, बाई?" त्यांनी विचारले.

"नाही मावशी, तुमी झोपेत असान," डॉक्टर म्हणाल्या.

भूल चढली आणि लिलाबाईंच्या तेल लावलेल्या अंबाड्याखालून घडी सरकली. डोके कलंडले. घशात काही दिसेना. मास्कने श्वास देत डॉक्टर ओरडल्या, "सपना, आपली उशी आण!"

सपना सिस्टर ऑफिसात धावल्या. "उठा साहेब! तिकडं बाईचा श्वास अडकून राह्यला अन् तुमी उशीवर बसून राह्यले!"

मला पुसून डोक्याखाली सारले, खांद्यांखाली चादरी रचल्या. नळी गेली. लिलाबाईंची छाती वर-खाली होऊ लागली, तेव्हा मला रडूच आले.

दुसऱ्या दिवशी रामरावांचा निरोप आला, "झालं ना आता ऑपरेशन? उशी पाठवा." डॉक्टरांनी काय केले? मला पट्टीने टेबलालाच बांधून टाकले. बघा हा न्याय! नेणारा मोकळा आणि दावे माझ्या गळ्यात!

मित्रांनो, दुसऱ्याच्या जिवासाठी ठेवलेली वस्तू आपल्या सोयीसाठी उचलू नका, आणि कोणी उचलली तर गप्प बसू नका. रामरावांच्या कंबरेला दुसरी उशी मिळेल. लिलाबाईंना दुसरा श्वास कुठून आणला असता?