आत माणूस आहे

मी एक जुनं कुलूप आहे. पितळी, हाताला जड लागणारं, सात लिव्हरचं. हल्लीच्या दारांना म्हणे आकडे दाबून उघडणारी, बोट ओळखणारी कुलपं असतात. असोत बापडी. मी आपला किल्लीचा. बंगळूरच्या इंदिरानगरात एकाच घराच्या दारावर मी छत्तीस वर्षं काढली. मित्रांनो, अभिमानानं सांगावं असं माझ्यापाशी पुष्कळ आहे, पण आज मी तुम्हाला माझ्या खोटेपणाची गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म अलिगडच्या एका कारखान्यात झाला. तिथून पेटीत बसून मी चिक्कपेटेतल्या दुकानात आलो. एका शनिवारी हयवदन आणि वसुमती हे जोडपं मला घ्यायला आलं. पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेली मराठी माणसं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. ते विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचे, ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. घर दिवसभर बंद राहणार, म्हणून वसुमतीनं दुकानातली सगळी कुलपं खेचून खेचून पाहिली आणि मला पसंत केलं. माझ्याबरोबर तीन किल्ल्या होत्या. एक त्यांची, एक तिची आणि तिसरी स्मृतीसाठी ठेवलेली. स्मृती म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा दोन वर्षांची.

रोज सकाळी घरातून शेवटी वसुमती निघायची. मला लावायची आणि दोनदा ओढून बघायची. हयवदन स्कूटर सुरू करून फाटकापाशी थांबलेले असत. "आणखी एकदा ओढ. त्याला गुदगुल्या होतात," म्हणत. ती चिडायची, पण ओढायची. दिवसभर लोक यायचे, मला बघायचे आणि घरात कुणी नाही हे समजून परत जायचे. दुपारी चारला दप्तर सावरत स्मृती यायची. तिची किल्ली माझ्यात फिरली की मला सुट्टी. ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती.

पुढे स्मृती शिकली, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत लागली. चोविसाव्या वर्षी तिला डेंग्यू झाला. पाच दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतर घर माणसांनी भरून गेलं आणि मी पंधरा दिवस उघडाच कडीला लटकत राहिलो. सोळाव्या दिवशी वसुमती कामावर निघाली. ती मला लावू लागली, पण किल्लीचं टोक भोकात जाईना. शेवटी हयवदनांनी तिचा हात धरून किल्ली फिरवली. स्मृतीची किल्ली तिनं स्मृतीच्याच कपाटात ठेवून दिली.

दोघं निवृत्त झाली. घरात सदा माणूस असे, त्यामुळे मी बहुतेक वेळ खिळ्याला टांगलेला. वरचा मजला भाड्यानं गेला. मला वाटलं, आता आपलंही पेन्शन सुरू झालं.

मग हयवदन विसरू लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण निवृत्त झालो आहोत हेच. एका दुपारी ते शर्ट इस्त्री करून घालून ड्यूटीवर निघाले आणि संध्याकाळी एका रिक्षावाल्यानं त्यांना मारतहळ्ळीहून परत आणलं. "अम्मा, स्वल्प नोडकोळ्ळी," तो वसुमतीला म्हणाला. जरा लक्ष ठेवा, एवढंच. ती त्याला हात जोडून रडली. त्या दिवशी तिनं हयवदनांची किल्ली काढून घेतली.

सांभाळायला माणसं ठेवून पाहिली. एक बाई महिनाभर टिकली, दुसरी आठ दिवस. हयवदन त्यांना चोर समजून ओरडायचे. दूध, भाजी, औषधं तर आणायलाच हवीत. एका सकाळी वसुमतीनं मला खिळ्यावरून काढलं. हयवदन आत खुर्चीत बसले होते. "हे बघा, स्वल्प बीग घालून येते. दहा मिनिटं," ती म्हणाली. बीग म्हणजे कन्नडमध्ये कुलूप. तिनं मला बाहेरून लावलं आणि पहिल्यांदाच ओढून न बघता खाली मान घालून निघून गेली.

मित्रांनो, मला चोरांना बाहेर ठेवण्यासाठी बनवलं होतं. माणसाला आत ठेवायचं काम मला कुणी शिकवलं नव्हतं.

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. अर्ध्या तासाचे कधी दोन तास. आतून दारावर थाप पडायची. "वसू, उघड. शिफ्टला उशीर होतोय." थाप माझ्या अंगातून आरपार जायची आणि मी तसाच लोंबकळत राहायचो. कुरिअरवाला यायचा. "बीग हाकिदे," कुलूप लावलंय, असं फोनवर सांगून निघून जायचा. कुलूप दिसलं की माणसाला आवाज ऐकू येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घरात कुणी नाही, असं मी दोन वर्षं जगाला सांगत राहिलो. वसुमतीनंही कुणाला काही सांगितलं नाही. शेजारच्या भार्गवी अक्कांनी विचारलं तर "ते झोपलेत" म्हणायची. इतकी वर्षं ताठ मानेनं जगलेल्या बाईला ही गोष्ट तोंडातून काढता येत नव्हती.

गेल्या नोव्हेंबरात ती बँकेत गेली. हयवदनांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. त्यांना नेणं अशक्य, म्हणून कुणी घरी येऊन बघून जाईल का, हे विचारायला ती निघाली. अकरा वाजता मला लावलं. बारापर्यंत येते म्हणाली.

बारा वाजले. एक वाजला. बँकेतल्या रांगेत ती चक्कर येऊन पडली होती, हे मला नंतर कळलं. तिकडे दवाखान्यात ती शुद्धीवर येऊन "बीग, आमच्या घराचं बीग" म्हणत होती आणि डॉक्टरांना वाटत होतं की डोक्याला मार लागल्यामुळे बडबडते आहे.

आत हयवदन थापा मारून थकले. मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मी थापांना वैतागलो होतो, पण ती शांतता मला सहन होईना.

दुपारी वरच्या मजल्यावरची निधी पार्सल घ्यायला खाली उतरली. ही नागपूरची मुलगी, दीड वर्षापासून भाड्यानं राहत होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून घरूनच काम करायची. माझ्याकडे बघून ती परत जिन्याकडे वळली. तेवढ्यात दारापाशी, अगदी खालून, आवाज आला.

"स्मृती, आलीस का? उघड ना बाळ. किल्ली तुझ्याकडेच आहे."

निधी दचकली. "काका? तुम्ही आत आहात? काकू कुठे गेल्या?"

"मी पडलोय गं. पाणी दे."

तिनं वसुमतीला फोन लावला. उचलला नाही. तिनं मला दोन्ही हातांनी हिसडे दिले. मी तसूभर हललो नाही. माझी ख्यातीच तशी. तेव्हा मला त्या ख्यातीची लाज वाटली. शेजारच्या बांधकामावरून ती एका माणसाला पहार घेऊन ओढतच घेऊन आली. दुसऱ्याचं कुलूप तोडायला तो तयार होईना. "भैया, अंदर आदमी है!" ती ओरडली. छत्तीस वर्षांत मी एकदाही तुटावं म्हणून देवाजवळ मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. तरी मी तुटलो नाहीच. कोयंडा उखडला, दाराची चौकट फुटली आणि मी बंदच्या बंद जमिनीवर पडलो.

संध्याकाळी कपाळाला पट्टी बांधून वसुमती रिक्षातून उतरली. उघडं दार बघून तिच्या तोंडून किंकाळी फुटली. आत हयवदन भिंतीला टेकून बसले होते, मनगट सुजलेलं, आणि निधी त्यांना दहीभात भरवत होती.

"काकू, तुम्ही यांना कोंडून जाता?" निधीचा आवाज रागानं कापत होता.

"हो," वसुमती म्हणाली. "दोन वर्षं झाली." आणि ती उंबऱ्यावरच बसली.

निधीनं दहीभाताची वाटी खाली ठेवली. मग रडू लागली. "मला आवाज यायचा, काकू. रोज यायचा. कुलूप बघून मला वाटायचं, शेजारच्या बांधकामाचा असेल."

त्यानंतर निधी लॅपटॉप घेऊन खालीच काम करायची आणि वसुमती बाहेरची कामं उरकून यायची. हयवदन निधीला स्मृती म्हणायचे. तिनं कधी त्यांची चूक सुधारली नाही. पण मार्चमध्ये तिची बदली पुण्याला झाली. चौकट तर दुरुस्त झालीच होती, नवा कोयंडाही बसला होता.

काल सकाळी औषधं संपली. वसुमतीनं मला खिळ्यावरून काढलं. आत हयवदन शर्टाची बटणं लावत होते. ती मला हातात घेऊन दारात उभी राहिली. माझं पितळ तिच्या तळव्याच्या घामानं ओलं झालं. मग मला तसाच मुठीत धरून ती भार्गवी अक्कांच्या फाटकापाशी गेली.  दोनदा खाकरली.

"अक्का, आमच्या ह्यांना आता एकटं ठेवता येत नाही. मी त्यांना कोंडून जात होते. अर्धा तास येऊन बसाल का?"

भार्गवी अक्कांनी तिच्या मुठीतल्या माझ्याकडे पाहिलं. "थांब, चप्पल घालते," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, एवढं बोलायला वसुमतीला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. तुमच्या दारात कुणी असं अर्धा तास मागायला आलं, तर त्यांना कारण विचारत बसू नका. चप्पल घाला आणि जा.