काळी चार

नूतनने ओढणी खांद्यावर मागे टाकली, गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या काळ्या कॅबिनेटला कान लावला. दुकानातला पंखा बंद होता, एसी बंद होता, आणि काचेचं दारही ओढून घेतलेलं होतं. हे सगळं तिच्याच सांगण्यावरून झालं होतं. बाहेर चंद्रपूरचे ऑटो कर्कश ओरडत होते, पण त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"काळी दोन," ती उठत म्हणाली. "किंचित उतरलेली."

दुकानदार प्रणित घाम पुसत तिच्या नवऱ्याकडे, राजदीपकडे पाहू लागला.

"वहिनी काय म्हणून राह्यल्या भाऊ?"

"मशीनचा सूर सांगून राह्यली. पेटीवरची दुसरी काळी पट्टी दाबली का जो सूर निघते ना, त्या सुरात तुमचा हा पंखा गुणगुणते."

"बापा!" प्रणित म्हणाला. "सात वर्षं झाले मले कॉम्प्युटर विकून. कोणी रॅम विचारते, कोणी आत लाईट कोणत्या रंगाचे लागतात ते विचारते. सूर विचारणारं गिऱ्हाईक आज पाह्यलं."

राजदीप हसला. नूतन हसली नाही. ती पुढच्या मशीनकडे सरकली.

तिला बरोबर आणण्याची कल्पना राजदीपचीच होती. नागभीडला घरातल्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर दुहेरी सतरंजी आणि कोपऱ्यात अकरा वर्षांचं एक मशीन. लग्नाचे व्हिडिओ, चौदा एप्रिलची गाणी, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या जाहिराती, सगळं त्याच मशीनवर व्हायचं. एक लग्न रेंडरला, म्हणजे जोडून पूर्ण व्हिडिओ करायला, लावलं की ते दिवसभर धापा टाकत बसायचं, आणि त्याचा पंखा असा घोंघावायचा की माइकमध्ये गायकाच्या आधी तोच शिरायचा. आता दमदार मशीन हवं होतं, आणि दमदार असूनही मुकं हवं होतं. दमदारपणा राजदीपला कागदावर वाचून कळत होता. मुकेपणा ओळखायला नूतनचा कान लागत होता.

तो कान मात्र गेली तीन वर्षं रिकामाच बसून होता.

लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून पाच हंगाम नूतन नाटकांतून गायली होती. दिवाळी सरली की कंपनीच्या गाडीत बसायचं आणि होळीपर्यंत गावोगावच्या मंडपांत गायचं. वडशाच्या धनराजभाऊंच्या कंपनीत तिचं गाणं संपलं की लोक शिट्ट्या मारायचे नाहीत, गप्प व्हायचे. धनराजभाऊ त्या गप्प होण्याचीच बढाई मारायचे. मग लेकीच्या, दिव्यानीच्या वेळी दिवस गेले आणि दोन हंगाम हुकले. परत जायची वेळ आली तेव्हा जमाना बदलला होता. तालमीला बोलावून ऐकायची पद्धत मागे पडली होती. धनराजभाऊंनी फोनवर सांगितलं, "एक गाणं भरून पाठव बाई, पार्टनर लोकं ऐकतीन."

गाणं भरायचं त्या दिवशी पेटी बंद होती. तिचा भाता उंदरांनी खाल्ला होता. राजदीप म्हणाला होता, थांबू दोन दिवस. पण नूतनने मशीनकडे कान करून पाहिलं आणि ती खुदकन हसली होती.

"अजी, हे तं काळी चारमधी गुणगुणते! माह्याच पट्टीत! पेटी कायले पायजे?"

काळी चार ही तिची गायची पट्टी. तिने पंख्यावरच सूर धरला, डोळे मिटले आणि गायली. राजदीपने मग सॉफ्टवेअर लावून पंख्याची घरघर पुसून काढली. इतकी पुसली की पार्श्वभूमी धुतल्या ताटासारखी लख्ख झाली. एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग नागभीडात तोवर कोणी केलं नव्हतं, आणि त्याला त्याचा गर्व झाला होता.

आठ दिवसांनी धनराजभाऊंचा निरोप आला. आवाज पातळ लागते, पोकळ लागते, यंदा दुसरी पोरगी घेतली.

नूतनने ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं होतं. "हा माहा आवाज नाई जी," ती म्हणाली होती.

"मशीन कोणाची बाजू घेत नाई नूतन. जे हाये ते दाखवते," राजदीप म्हणाला होता. समजुतीच्या सुरात म्हणाला होता. तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

त्याची आई गिरजाबाई ओसरीवरून म्हणाली होती, "बाळंतपणात बाईचा आवाज जातेच. माह्या बहिणीचा नाई का गेला?"

झालं. एकदा सगळ्यांना पटण्यासारखं कारण मिळालं की पुन्हा कोणी विचार करत नाही. नूतननेही केला नाही. तिने गाणं सोडलं ते अगदी मुळापासून. विहारात वंदनेला ती नुसते ओठ हलवायची. दिव्यानीला झोपवताना पाठ थोपटायची, पण तोंडातून सूर काढायची नाही. पोरीवर तिचा जीव होता, त्यात शंका नाही. पण कधी कधी ती पोरीकडे अशी बघायची की राजदीप नजर दुसरीकडे वळवायचा.

आणि महिन्यापूर्वी जुनी डिस्क साफ करताना राजदीपला ती मूळ फाईल सापडली, घरघर पुसण्याआधीची. त्याने हेडफोन लावले. पंखा घोंघावत होता, आणि त्या घोंघावण्यातून नूतनचा आवाज भरल्या तळ्यासारखा येत होता. कुठे पातळ नाही, कुठे पोकळ नाही. त्याने तीनदा ऐकलं. पंखा काळी चारमध्ये होता, नूतनचा षड्ज, म्हणजे तिचा 'सा', काळी चारमध्ये होता, आणि त्याने पंखा पुसताना नेमका तिचा षड्ज पुसून टाकला होता. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बायकोचा.

आत्ता उठावं आणि तिला सांगावं, असं त्याला वाटलं. तो उठलाही. स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "काय पायजे?" तो म्हणाला, "पाणी." पाणी पिऊन तो परत आला, आणि तेव्हापासून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

मग त्याला युक्ती सुचली. नवीन मशीन घ्यायचं, अजिबात आवाज न करणारं. त्यावर नूतनला पुन्हा गायला लावायचं आणि धनराजभाऊंना पाठवायचं. आवाज परत आला असं सगळे म्हणतील, मशीनचं कौतुक करतील, मागचं कोणी उकरणार नाही. चोराने माल गुपचूप परत ठेवावा आणि वर शाबासकीही घ्यावी, तसला हा बेत होता. राजदीपला मात्र तो प्रायश्चित्तासारखा वाटत होता. धनराजभाऊ पुन्हा ऐकायला तयार झाले होते. नूतन दुकानापर्यंत यायला तयार झाली होती. गायचं मात्र तिने कबूल केलं नव्हतं.

"हे पाहा," प्रणितने तिसरं मशीन सुरू केलं. "याच्या आतून जाड नमद्यासारखं अस्तर हाये. पंखे मोठे, पण सावकाश फिरतात. प्रोसेसर दमदार. चार-चार व्हिडिओ एकदम लावा, हू का चू करनार नाई."

नूतनने कान लावला. बराच वेळ ती तशीच बसली. प्रणितने एक मोठा व्हिडिओ रेंडरला लावून दाखवला, तरी ती हलली नाही.

"याले सूरच नाई," ती शेवटी म्हणाली.

"हेच तं पायजे वहिनी!" प्रणित खुलला. विकणाऱ्याला एकदा खात्री पटली की त्याला बोलायला फार आवडतं. "लोकं म्हणतात, आवाज आला तं आला, सॉफ्टवेअरनं पुसून टाकू. पण ते सॉफ्टवेअर काय करते मालूम हाये का? गाणं सुरू व्हायच्या पयले जी शांतता असते ना, त्यात पंख्याचा सूर कोणता हाये ते शिकून घेते. मंग अख्ख्या गाण्यातून तो सूर वेचून फेकते. त्याले काय माहीत पंखा कोणता अन् मानूस कोणता?"

राजदीप खाली वाकला आणि मशीनच्या मागच्या वायरी पाहू लागला.

"आन् गाणाऱ्या बाईचा सूर तोच असला तं?" नूतनने विचारलं.

"मंग बाईच कापली जाते!" प्रणित स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "आवाज राह्यते वहिनी, पण त्यातला जीव निंघून जाते. पोकळ होऊन जाते."

पोकळ. नेमका तोच शब्द. राजदीपच्या हातात एक वायर होती. ती कशाची आहे हे त्याला दिसत नव्हतं.

"आन् पयलेची फाईल? पुसायच्या आधीची? ते राह्यते का?"

"ठेवली असन तं राह्यते ना. कुठी जाते?"

नूतन राजदीपकडे वळली. ती त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. सांगायची एवढी सरळ संधी माणसाला आयुष्यात दोनदा मिळत नाही. शब्द त्याच्या जिभेवर आलेही.

"प्रणितभाऊ," तो म्हणाला, "याच्यात एसएसडी किती टाकून देता?"

नूतनने ओढणी सावरली. "हेच घ्या," ती म्हणाली आणि दार उघडून बाहेर जाऊन उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये खोकं दोघांच्या पायांशी होतं. मूल गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान हिरवंगार उभं होतं, बांध्यांमधून बाया निंदण करत होत्या. सिंदेवाहीला बस थांबली, चहावाले ओरडत खिडकीशी आले, गेले.

"तुमच्यापाशी हाये का ते?" तिने खिडकीबाहेर पाहतच विचारलं.

"हाये."

"आयकलं?"

"हो."

"कधी?"

"महिना झाला."

बस सुरू झाली. खोकं सरकलं, ते राजदीपने पायाने धरून ठेवलं. आपण माफी मागावी, आत्ता मागावी, असं तो स्वतःला बजावत होता. प्रत्येक गाव आलं की पुढच्या गावापर्यंत ढकलत होता.

"दिव्यानी चार वर्षांची झाली," नूतन म्हणाली.



दुसऱ्या दिवशी सकाळी राजदीपने मशीन जोडलं. बटण दाबलं, एक बारीकसा पांढरा दिवा लागला, बाकी काही नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत ओसरीवरचा आवाज स्पष्ट ऐकू आला. गिरजाबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या, तिच्या काड्या मोडल्याचा कटकट आवाज येत होता. त्याने माइक लावला आणि हाक मारली.

"नूतन, ये ना. धनराजभाऊले आजच पाठवू."

ती दारात आली. कडेवर दिव्यानी होती. ती नव्या मशीनकडे थोडा वेळ पाहत राहिली.

"सूर कुठून घेऊ?" ती म्हणाली. "हे तं मुकं हाये."

"मोबाईलवर तानपुरा लावून देतो. काळी चारचा."

"राहू द्या."

ती आत गेली. राजदीप खुर्चीत बसून राहिला. आतून पोरीच्या कुरकुरण्याचा आवाज आला, मग पाठ थोपटण्याचा. आणि मग, कशाचाही आधार न घेता, तिने सूर लावला. शब्द नव्हतेच, नुसता आवाज होता, आधी जरा खरखरीत, मग हळूहळू मोकळा होत गेलेला.

"आई," दिव्यानीने घाबरून विचारलं, "हे काय करून राह्यली तू?"

"गाऊन राह्यली."

"काऊन?"

नूतनने तिची पाठ थोपटली. ती गात राहिली. माइक जोडलेला होता, दार उघडं होतं. हे असंच धनराजभाऊंपर्यंत गेलं तर त्यांची सगळी कंपनी गप्प होईल, हे राजदीपला कळत होतं. त्याचा हात माउसवर गेला आणि त्याने रेकॉर्ड दाबलं. इतक्या शांत खोलीत तेवढी टिकटिकही लपली नाही.

आतलं गाणं थांबलं.

"बंद करा ते," नूतन म्हणाली.

त्याने बंद केलं. मधलं दार ओढून घेतल्याचा आवाज आला, कडी लागली, आणि दारापलीकडे गाणं पुन्हा सुरू झालं.

"मशीन चांगलं भेटलं रे बाप्पा," गिरजाबाई ओसरीवरून म्हणाल्या. "कोनाचं गाणं लावलं? कसा भरून येते आवाज."

"मशीन नाई आई. नूतन हाये."

"नूतन? तिचा तं बाळंतपणात गेला ना आवाज?"

राजदीप उठून ओसरीच्या दारात आला. चौकटीला हात लावून उभा राहिला.

"नव्हता गेला," तो म्हणाला.

"मंग?" गिरजाबाईंनी विचारलं, आणि अंबाडीची काडी हातात धरून त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.